प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद : परळच्या एका खोलीतलं प्रकरण

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद पडतो. आणि कालपासून तर प्रिंट न देताही पडतोय. गणपती तोंडावर आलेत, मंडळाचा अहवाल माझ्याकडे अडकलाय. येतोस का?"

काकू परळला चाळीत तळमजल्यावर राहतात. टाइपरायटरवर मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा दिलेला हात आहे त्यांचा. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच हातांनी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं बसवायचं काम, शिकल्या. आजूबाजूच्या मंडळांचे अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नाच्या पत्रिकांचे मसुदे असं काम बारा महिने चालू असतं. जुलै आणि ऑगस्ट म्हणजे सुगी. त्याच दोन महिन्यांत मशीन बसलं तर वर्षाची कमाई बसते.

मी जायच्या आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. पहिल्याने एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बदलला. दोन दिवस मशीन चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याने कॅबिनेट दुकानात नेलं, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने साफ केल्या, "विंडोज करप्ट आहे" म्हणून फॉरमॅट मारला आणि चार तास चालवून बघितलं. एकदाही बंद पडलं नाही. घरी आणून लावलं आणि त्याच संध्याकाळी बंद. तोवर काकूंचे साडेपाच हजार गेले होते. त्याहून वाईट म्हणजे फॉरमॅटमध्ये त्यांचे जुने, युनिकोडच्या आधीच्या काळातले मराठी फॉन्ट गेले. फायली बचावल्या होत्या, पण उघडल्या की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसत होता. बॅकअप घेतला का, हे विचारायला एक मिनिट लागतं. ते कोणी विचारलं नाही याचा मला आजही राग येतो.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात एकही सुटा भाग असा नव्हता की जो बदलला आणि सगळं ठीक झालं. तीन-चार किरकोळ दोष एकमेकांच्या खांद्यावर उभे होते. पॉवरची तक्रार आणि प्रिंटरची तक्रार वेगळी धरली तर दोन्हींपैकी एकही सुटली नसती.

पहिला अर्धा तास माझाही वाया गेला. कॅबिनेट उघडलं, मल्टिमीटर काढला, एसएमपीएसच्या तारा मोजल्या. पिवळी १२.०८ व्होल्ट, लाल ५.०६, नारिंगी ३.३४. एटीएक्स एसएमपीएसला या तिन्ही तारांवर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या तारेवर ११.४ ते १२.६. इथे सगळं मध्यावर. जांभळी तार, जी मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट धरून असते, तीही ठीक. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, बघितले. एकाचंही डोकं फुगलेलं नाही, कुठे चिकट तपकिरी डाग नाही. प्रोसेसरचा पंखा फिरतोय, धूळ माफक. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २२७ व्होल्ट.

म्हणजे सगळं उत्तम, आणि तरी मशीन बंद पडतंय. मी मोजत होतो ते आकडे खरे होते, पण मशीन निवांत बसलेलं असतानाचे. चढण चढताना धाप लागते म्हणून सांगणाऱ्या माणसाची नाडी त्याला खाटेवर झोपवून बघावी, तसं ते झालं.

मीटर खाली ठेवला आणि काकूंना म्हटलं, "बंद पडायच्या आधी काय काय होतं ते सगळं सांगा. फालतू वाटलं तरी सांगा."

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या क्रमाने असं :

"प्रिंट दिली की प्रिंटर घरघरतो. मग ट्यूब डोळा मारते. मग यूपीएस टक् करतो, एकदा पीं करतो, आणि सगळं जातं. मॉनिटर, प्रिंटर, सगळं. मग आपोआप परत येतं. पण आलं की थोड्या वेळाने पुन्हा जातं. काल चार वेळा गेलं. शेवटी मी मेन बटण बंद करून बसले."

"काल प्रिंट दिली होती?"

"नाही रे. तेच तर म्हणतेय. प्रिंटर ऑफलाइन दाखवत होता म्हणून मी प्रिंट देणंच सोडलं होतं. फक्त मागची वायर जरा नीट बसवली."

ट्यूब, यूपीएस (लाईट गेली की बॅटरीवर वीज देणारा डबा) आणि वायर. दोन मेकॅनिकनी आणि अर्धा तास मीही ज्या पेटीत डोकं घातलं होतं, त्या पेटीचं नाव या सांगण्यात शेवटी येतं. आधी ट्यूब हलते. ट्यूब काही कॉम्प्युटरला जोडलेली नसते, ती भिंतीतल्या विजेवर चालते. कॉम्प्युटर बंद पडायच्या आधी ट्यूब डोळा मारत असेल तर दुखणं भिंतीत आहे किंवा भिंतीपासून मशीनपर्यंतच्या वाटेत आहे. एवढं कळायला मीटरसुद्धा लागत नाही.

मग जोडणी पाहिली. भिंतीतलं एकच पाच अँपियरचं सॉकेट. त्यात यूपीएसचा प्लग. यूपीएसच्या मागे एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्या बोर्डात कॅबिनेट, मॉनिटर, स्पीकर आणि लेझर प्रिंटर.

लेझर प्रिंटर यूपीएसवर. इथे जरा थांबतो, कारण मुंबईतल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत मी हेच बघतो. माणूस म्हणतो, लाईट गेली तर प्रिंट अर्धवट अडकू नये. हेतू चांगला आहे. पण लेझर प्रिंटरमध्ये फ्यूजर नावाचा एक भाग असतो. टोनरची पूड कागदावर नुसती बसलेली असते, ती वितळवून कागदात पक्की करायचं काम फ्यूजर करतो. त्यासाठी त्याला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावं लागतं, तेही काही सेकंदांत. प्रिंटर झोपलेला असताना काही वॅट घेतो. जागा होऊन तापायला लागला की घरगुती वापराचा छोटा प्रिंटरही त्या घडीला सात-आठशे वॅट, कधी त्याहून जास्त ओढतो. आणि काकूंचा यूपीएस ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. असा यूपीएस खऱ्या वॅटमध्ये ३६० च्या आसपासच पेलतो. त्यातले शंभर-सव्वाशे कॉम्प्युटर आणि मॉनिटरच खातात. उरलेल्यात फ्यूजर कसा बसणार?

"पण तीन वर्षं असंच चाललं की," काकू म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. नुसती चुकीची जोडणी तीन वर्षं धकली होती. आताच का मोडली, हे शोधायचं राहिलंच होतं.

काकूंना म्हटलं, एक प्रिंट द्या. मीटरच्या पिना त्याच सॉकेटच्या मोकळ्या दोन भोकांत धरून ठेवल्या. त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर घरघरला. आकडा २२७ वरून २०० च्या खाली गेला, ट्यूब लवली, यूपीएसमधला रिले टकटकला आणि खोली शांत झाली. मीटर तसा मंद असतो, क्षणाचा खड्डा त्याला पुरता दिसत नाही, खरा खड्डा याहून खोल असणार. पण दिशा मिळाली. तीन-चार अँपियर ओढल्यावर चांगल्या वायरिंगमध्ये दोन-चार व्होल्ट पडावेत. इथे तीसच्या वर पडत होते. वाटेत कुठेतरी वीज अडत होती, आणि वीज अडते तिथे उष्णता होते.

मेन बंद केलं आणि यूपीएसचा प्लग उपसून हातात घेतला. पितळी पिनांपैकी एक बोटाला चटका बसेल इतकी तापलेली, दुसरी जेमतेम कोमट. तापलेल्या पिनेच्या मुळाशी प्लास्टिक किंचित पिवळसर झालं होतं. सॉकेटच्या त्याच भोकाभोवती पैशाएवढं तपकिरी वर्तुळ. नाक जवळ नेलं तर जळक्या बॅकेलाइटचा वास. इतके दिवस सगळे कॅबिनेट हुंगत होते, आणि वास गुडघ्याच्या उंचीवर भिंतीत दडून बसला होता.

बोर्ड उघडला. तापलेल्या पिनेकडे जाणारी वायर ज्या स्क्रूखाली होती तो हिरवा पडला होता. तांब्याला ओल लागली की चढतो तोच हिरवा रंग. वायरचं आवरण बोटभर लांबीत कडक होऊन तडकलेलं. स्क्रू पेचकसने फिरवला तर अर्धा फेरा सैल निघाला.

"इथे पाणी आलं होतं का कधी?"

काकूंनी भिंतीवरच्या एका अस्पष्ट रेघेकडे बोट दाखवलं. २९ ऑगस्ट २०१७. गणपतीतलेच दिवस होते, परळभर पाणी भरलं होतं, केईएम रुग्णालयातही शिरलं होतं. काकूंच्या खोलीत ते गुडघ्याएवढं चढलं. कॉम्प्युटर त्यांनी पलंगावर उचलून ठेवला म्हणून वाचला. भिंतीतला बोर्ड उचलता येत नाही. तो वाळला, लाईट लागली, पंखा फिरला, सगळे विसरले. हिंदमाता आणि परळच्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे : पाणी ओसरल्यावर भिंतीतला प्रत्येक बुडालेला बोर्ड वायरमनकडून उघडून घ्या. ओल आत बसते आणि वर्षानुवर्षं तांबं खात राहते.

आता पहिल्या मेकॅनिकचं दोन दिवसांचं यशही कळलं. एसएमपीएस बदलताना त्याने प्लग काढला-घातला. पिना सॉकेटमध्ये घासल्या गेल्या, वरचा मळ निघाला, संपर्क तात्पुरता सुधारला. नवीन एसएमपीएसमुळे चाललं असं त्याला वाटलं, काकूंनाही वाटलं. दुसऱ्याच्या दुकानात चार तास मशीन का चाललं तेही उघड आहे : तिथे प्रिंटर नव्हता, हा यूपीएस नव्हता आणि ही भिंत नव्हती. या दोघांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी जे बघितलं त्यावरून जे वाटलं ते केलं. पण मशीन जिथे आजारी पडतं तिथेच ते बघायला हवं होतं.

यूपीएसचं काय? सॉकेटमधला संपर्क क्षणभर ढासळला, यूपीएसला वाटलं लाईट गेली, तो बॅटरीवर गेला. इथपर्यंत त्याने धर्म पाळला. बॅटरी धड असती तर कदाचित क्षणभर तरी तग धरला असता. बॅटरी बाहेर काढून मोजली तर १२.४ व्होल्ट. दिसायला बरी. हा आकडा फसवा असतो, बिनलोडची म्हातारी बॅटरीही १२ च्या वर दाखवते. खरी परीक्षा घ्यायची म्हणून प्रिंटर आणि कॉम्प्युटर बाजूला केले, यूपीएसला १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला आणि भिंतीतलं बटण बंद केलं. चौथ्या सेकंदाला बल्ब गेला. त्या बॅटरीने १०० वॅट चार सेकंद पेलले नाहीत, तिच्यावर फ्यूजर आणि कॉम्प्युटर मिळून नऊशे वॅट टाकले जात होते. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची ही सीलबंद बॅटरी मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन वर्षं काम देते. काकूंची चौथ्या वर्षात होती.

राहिलं भुताचं कोडं : प्रिंट न देता मशीन का पडत होतं?

इथे कॉम्प्युटरने स्वतःच साक्ष दिली. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून रोजनामचा असतो. त्यातल्या सिस्टम या भागात 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की समजायचं, मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. त्या नोंदीच्या तपशिलात बगचेककोड बघायचा. तो शून्य असेल तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन आलेला नसतो, वीज गेलेली असते किंवा मशीन पुरतं गोठलेलं असतं. काकूंकडच्या एकूण एक नोंदीत शून्य होता. म्हणजे विंडोज कोसळल्याची एकही खूण नव्हती. फॉरमॅट मारायच्या आधी दोन मिनिटं हे पाहिलं असतं तर फॉन्ट वाचले असते. त्याच यादीत '६००८' ही नोंद असते, तिच्यात मशीन कधी अचानक पडलं ती वेळ लिहिलेली असते. त्या वेळा कागदावर उतरवल्या.

मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडलं. आपण प्रिंट म्हणतो तेव्हा ती थेट प्रिंटरकडे जात नाही, आधी इथे फाईल बनून रांगेत उभी राहते. एकेका कामाच्या दोन फायली : एकात मजकूर, दुसरीत कोणाचं काम, किती प्रती वगैरे तपशील. काम पुरं झालं की दोन्ही पुसल्या जातात. काकूंच्या फोल्डरमध्ये बावीस फायली होत्या, म्हणजे अकरा कामं खोळंबलेली. त्यातल्या काहींच्या वेळा आणि '६००८' मधल्या वेळा शेजारी मांडल्या तर मिनिट-दीड मिनिटाच्या फरकाने जुळत होत्या. प्रिंट दिली, मिनिटभरात मशीन पडलं, काम रांगेतच राहिलं.

ही रांग वीज गेल्याने पुसली जात नाही. मशीन पुन्हा चालू झालं, ही रांग सांभाळणारा विंडोजमधला स्पूलर उठला की तो रांगेतलं पहिलं काम पुन्हा प्रिंटरकडे धाडतो. आणि काकूंचं मशीन आपोआप का उठत होतं? बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, एक सेटिंग असते : गेलेली वीज परत आली की मशीनने बंद राहायचं की चालू व्हायचं. त्यांच्याकडे ती 'चालू व्हायचं' वर होती. आता साखळी बघा. फ्यूजर तापतो, सॉकेट ढासळतं, यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी मान टाकते, सगळं बंद. सगळं बंद झालं की भार उतरतो, भार उतरला की सॉकेटमध्ये पुन्हा २२७ व्होल्ट, यूपीएस पुन्हा वीज सोडतो. कॉम्प्युटर उठतो, प्रिंटरही उठतो आणि उठताना रिवाजाप्रमाणे एकदा तापून घेतो. त्यातून वाचला तर स्पूलर रांगेतलं काम पाठवतो आणि फ्यूजर पुन्हा तापतो. पुन्हा सगळं बंद. माणसाने हात न लावता हे चक्र फिरत राहिलं होतं.

पण मधले काही दिवस प्रिंटर ऑफलाइन होता ना? त्याचंही कारण साधं निघालं. काकूंच्या भाच्याने मध्यंतरी प्रिंटरची यूएसबी वायर कॅबिनेटच्या मागून काढून पुढे लावली होती. काही प्रिंटरांच्या बाबतीत वायरचं भोक बदललं की विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो. यादीत त्याच नावाचा दुसरा प्रिंटर येतो, पुढे 'कॉपी १' असं लिहिलेला. काकू नेहमीच्या नावावर प्रिंट देत राहिल्या, तो तर रिकाम्या भोकाकडे बघत बसला होता, म्हणून ऑफलाइन. अकरा कामं तिथे साचली. आणि परवा काकूंनी 'मागची वायर नीट बसवली' म्हणजे ती पुन्हा जुन्या भोकात घातली. जुना प्रिंटर ऑनलाइन आला, अकरा कामं एकदम सुटली.

काकू हे ऐकून क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दिलेल्याच प्रिंटा होत्या त्या." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. दोन आठवडे त्यांना वाटत होतं की आपल्याला आता हे मशीन झेपत नाही, वय झालं. वयाशी याचा काडीचा संबंध नव्हता.

एक गोष्ट त्यांनी शेवटी, मी निघायला लागल्यावर सांगितली. "कधीकधी सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जास्त." मी बॅग पुन्हा खाली ठेवली. सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट माणसाच्या जिवाशी जोडलेली होती आणि तीच सर्वात शेवटी, जाता जाता आली.

सॉकेटला अर्थिंगचं मोठं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी वाट, नावापुरतं. असं असलं की काय होतं ते सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून (वीज आणणाऱ्या तारेकडून) पत्र्याला, एक न्यूट्रलकडून (वीज परत नेणाऱ्या तारेकडून) पत्र्याला. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्रा मध्येच लटकतो आणि त्याच्यावर २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात, ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलं तर जास्त. पण उद्या आत खरोखर एखादी फेजची वायर पत्र्याला टेकली, तर ती वीज न्यायला माणसाच्या शरीराशिवाय दुसरी वाट नसते. 'थोडा करंट येतो, सवय आहे' हे वाक्य मी चाळींत फार वेळा ऐकलंय. ही सवय लावून घेऊ नये.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. भिंतीतल्या वायरला मी हात घातला नाही, ते काम परवानाधारक वायरमनचं. त्याने मीटरजवळच्या एमसीबीपासून (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणापासून) कॉम्प्युटरसाठी स्वतंत्र वायर ओढली, चाळीच्या मीटरखोलीतल्या अर्थिंगपासून हिरवी वायर आणली, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवला आणि नवा बोर्ड भिंतीवरच्या त्या रेघेच्या वर, छातीच्या उंचीवर लावला. त्यात एक पाचाचं सॉकेट यूपीएससाठी आणि एक पंधराचं, फक्त प्रिंटरसाठी. मोजलं : फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ दीडच्या आत. पत्र्यावर टेस्टर लावला, दिवा लागला नाही. काकूंनी स्वतः तळहात ठेवून खात्री केली.

यूपीएसची बॅटरी लॅमिंग्टन रोडवरून आणली. बल्बची परीक्षा पुन्हा घेतली, दहा मिनिटांनी मीच बंद केला. विंडोजमध्ये सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवला, प्रिंटर्स फोल्डरमधल्या बावीस फायली पुसल्या, स्पूलर पुन्हा चालू केला. स्पूलर न थांबवता त्या फायली पुसायला गेलं तर विंडोज पुसू देत नाही, आणि फोल्डर मात्र ठेवायचं, फक्त आतलं पुसायचं. 'कॉपी १' काढून टाकला. वायर मागच्या एका भोकात घालून त्या भोकावर पांढऱ्या पट्टीवर 'प्रिंटर' लिहून चिकटवलं. बायोसमधली सेटिंग 'बंद राहायचं' वर नेली, म्हणजे पुढे कधी असं झालंच तर मशीन गप्प राहील आणि काकूंना कळेल.

मग प्रिंटा काढून बघितल्या. वीज ठीक, ट्यूब ठाम, पण सातवा कागद अडकला. अकरावाही. कागद कुठे ठेवता, विचारलं. रीम उघडी, मोरीच्या भिंतीला लागून. जुलैत मुंबईची हवा ओलीच असते, त्यात मोरीची भिंत. कागदाने पाणी पिऊन कडा लाटेसारख्या केल्या होत्या. ओला कागद फ्यूजरमध्ये गेला की आतली ओल वाफ होते, कागद वळतो आणि अडकतो. कधी टोनरही नीट धरत नाही, बोट फिरवलं की काळं येतं. कागद उचलणारा रबरी रोलरही गुळगुळीत होऊन चकाकत होता, तो पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून वाळवला. नवीन रीम फोडली, लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये आणि उरलेले वेष्टनासकट पत्र्याच्या डब्यात, कपाटात वर. त्यानंतर सलग चाळीस पानं निघाली.

काही जण विचारतील, एसएमपीएस उघडून बघितला का? नाही, आणि कोणी घरी उघडूही नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. बाहेरच्या तारांवरून जे कळतं तेवढं पुरतं.

खर्च वायरमन, सामान, बॅटरी मिळून आधीच्या साडेपाच हजारांपेक्षा थोडा कमीच आला. बदललेला एसएमपीएस आणि मारलेला फॉरमॅट यांची गरज नव्हती, ते पैसे परत येत नाहीत. तीन आठवडे झाले, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची एकही नवी नोंद नाही. दर रविवारी काकू मला त्याचा फोटो पाठवतात.

अहवाल वेळेवर गेला, पण नव्याने युनिकोडमध्ये टाइप करून. काकूंनी तीन रात्री जागून तो पुन्हा बसवला. मागच्या नऊ वर्षांचे अहवाल अजून त्या चिखलातच आहेत, देणगीदारांच्या याद्यांसकट. परवा त्यांना ट्रंकेत जुन्या फॉन्टची सीडी सापडली, वरचा चंदेरी थर एका कडेला थोडा उडालेला. सीडी ड्राइव्ह असलेलं मशीन माझ्याकडे एकच उरलंय. रविवारी ते घेऊन परळला जाणार आहे.